झाकण उघडं ठेव

९ फेब्रुवारी

मामा,

सुखरूप पोचले. गाडीत शेजारच्या बाई अख्खा प्रवास घोरत होत्या, त्यांच्या तालावर मलाही झोप लागली.

फोन सोडून पत्र का, ते आधी सांगते. फोन केला की मामी पलंगावरून कान टवकारते, आणि 'दे इकडे' म्हणून घेतला की शब्द जुळवता जुळवता तिला धाप लागते. ती दमते आणि मी इकडे रडत बसते. म्हणून तिच्या आजाराचं आणि लॅपटॉपचं जे काही असेल ते पत्रातून बोलू. मामीला मात्र पत्रं दाखवू नकोस.

डॉक्टर काय म्हणाले ते तूही ऐकलंस. आधी जीभ जाईल, मग हात. उन्हाळाभर बोलेल, पुढचं सांगता येत नाही. आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते की तिचा आवाज मला आठवतच नाही. मला उठवणारा, वाढणारा, अभ्यासावरून झापणारा आवाज एकच, मामीचा. तो जायच्या आत मला साठवून ठेवायचा आहे, मामा. माझं सगळं त्यात अडकलंय.

त्यासाठी जो प्रोग्राम लागतो तो बाजारात मिळतो, पण त्याला आपली भाषा धड येत नाही. आपल्याला असा हवा की पडद्यावर मोठ्या अक्षरांत एक वाक्य येईल, मामी ते म्हणेल, आणि ते साठवलं जाईल. ती दमली तर यंत्र थांबेल. पुरेशी वाक्यं जमली की पुढे ती एका बोटानं अक्षरं निवडेल आणि यंत्र तिच्याच आवाजात बोलेल. नोकरी सांभाळून मी एकटी हे लिहायला बसले तर जन्म जाईल, म्हणून एआयला कामाला लावलंय. रोज ऑफिसला जाताना मी फोनवरून काम सांगणार, आणि ते दुपारभर तुमच्याकडे बसून प्रोग्राम लिहिणार, माइकवर आणि मामीनं बोटानं दाबायच्या बटणावर करून बघणार, चुकलं तर आपलं आपण सुधारणार. मामीची अट तुला ठाऊकच आहे, तिचा आवाज घराबाहेर जाता कामा नये. म्हणून लॅपटॉप तिच्याच खोलीत ठेवून आले.

आता तुझं काम. त्याला झोपू द्यायचं नाही. मधेच झोपला की काम तिथेच अडतं. चार्जर लावलेला असू दे आणि लॅपटॉप टेबलावरच राहू दे, पलंगावर किंवा चादरीवर अजिबात नको, खालून हवा लागते त्याला. पडदा काळा होईल, त्यानं घाबरू नकोस. पडदा झोपतो, आतलं यंत्र जागं असतं, तसं मी करून ठेवलंय. फक्त झाकण उघडं ठेव. झाकण लावलं की ते माझंही ऐकत नाही. आणि घराला कुलूप लावून दोघं दवाखान्यात जाणार असाल तर काम थांबवून, चार्जर काढूनच जा. तापलेलं यंत्र बंद घरात एकटं सोडायचं नाही.

एआयला मी एकाच फोल्डरपुरती मोकळीक दिली आहे. तुमच्या फोटोंना ते हात लावू शकत नाही, आणि सगळ्याची एक प्रत कपाटातल्या डिस्कवर आहे. तेव्हा निर्धास्त राहा.

तुझी खारू

*

२० फेब्रुवारी

चि. खारूबाई यांना मामाचे खूप खूप आशीर्वाद.

तुझे जावईबापू मजेत आहेत. जावईबापूच म्हणतो मी लॅपटॉपला. टेबलावर ऐसपैस बसायचं, वीज खायची, पंखा घ्यायचा, आणि घरातल्यांनी पाय न वाजवता चालायचं! तुझी मामी म्हणाली, "एवढी सरबराई माझ्या भावाची कधी केली नाहीत." हे म्हणताना 'सरबराई'वर अडखळली, पण म्हणाली पूर्ण.

झाकण उघडं असतं, काळजी करू नकोस. मी स्टूल टाकून शेजारीच बसतो. सबंध नोकरी कारखान्याच्या बॉयलरवर गेली माझी, चालू यंत्रापाशी कसं बसायचं हे मला शिकवू नकोस. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवर नजर, दाबाच्या काट्यावर नजर, आणि बदली माणूस समोर उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही. इथे काच नाही की काटा नाही, नुसता काळा पडदा. तरी आपला बघत बसतो. कधी कधी आत पंखा फिरायला लागला की वाटतं, आला काहीतरी विचार त्याच्या मनात.

मंगळवारी ते एकदम बोललं. बाईच्या आवाजात म्हणे, माइक तपासते आहे, काहीतरी बोला. मामी दचकली आणि मग त्याच्याशी बोललीसुद्धा. नंतर हसत सुटली. खूप दिवसांनी हसली गं.

बाकी तब्येत आहे तशीच. टॉवेलला टॉवेल म्हणता आलं नाही म्हणून काल चिडली आणि तोंड फिरवून पडून राहिली. मी आपला टॉवेल घेऊन उभा. हे किती दिवस चालायचं तुझं काम?

मामा

*

१ मार्च

मामा,

आनंदाची बातमी. जवळजवळ झालंच. साठवण्याचं काम नीट होतंय, आता फक्त मामी दमली की ओळखून थांबणं आणि अर्धवट वाक्य पुन्हा म्हणायला सांगणं, एवढं राहिलंय. तोवर सुरुवात करायची नाही, तुटक वाक्यांतून आवाज जुळत नाही. अजून एक आठवडा! मग मामीनं रोज थोडं थोडं बोलायचं. वाक्यं मी निवडून ठेवली आहेत. 'खारू, ऊठ' हे पहिलं. 'किती तो पसारा' हे दुसरं. पुस्तकातली कोरडी वाक्यंही लागतात, पण ती मागाहून.

तिला टॉवेल म्हणता येत नाही हे वाचलं. तू उभा राहिलास ते चांगलं केलंस.

खारू

*

१४ मार्च

मामा,

आठवडा गेला आणि काम तिथेच आहे. रोज दुपारी सुरू होतं आणि थोड्या वेळात गप्प होतं. ऑफिसातून पाहते तर लॅपटॉप झोपलेला. आधी वाटलं सेटिंग बिघडलं, म्हणून यंत्राला जागं ठेवणारा आणखी एक छोटा प्रोग्राम इथून पाठवला. तरी तेच. तुमच्याकडे वीज जाते का? कामाला येणाऱ्या बाई टेबल पुसताना झाकण लावतात का? जरा विचारून बघ. रागावू नकोस हं त्यांच्यावर.

मामी कशी आहे ते तू लिहिलंच नाहीस.

खारू

*

२२ मार्च

चि. खारू,

कामाच्या बाईंना बोल लावू नकोस, झाकण मी लावतो.

असं आहे, मी स्टुलावर बसलेला असतो तोवर ठीक. पण मामीला कूस बदलायची असते, पाणी हवं असतं, मग उठावं लागतं. बदली माणूस नसताना चालू यंत्र सोडून उठायचं नाही, हा आमचा नियम. उठायचं तर बंद करून उठायचं. एकदा एक जण नुसता विडी ओढायला गेला होता, त्याचं काय झालं ते तुझ्या आईला मी सांगितलं होतं. तुला नाही सांगत. शिवाय तूच लिहिलंस ना, तापलेलं यंत्र एकटं सोडायचं नाही म्हणून? हात लावून बघितला, खालून चांगलंच तापतं.

आणि एवढी घाई काय आहे? बोलतेय की अजून. परवा तर दुपारभर बोलत होती. शब्द जड येतात, पण येतात. डॉक्टर काय, ते सांगतातच. माझ्या बॉयलरलाही तपासनीस दर वर्षी म्हणायचा, आता काही खरं नाही, आणि तो मी निवृत्त होईपर्यंत चालला.

यापुढे लक्ष ठेवीन.

मामा

*

३० मार्च

मामा,

बॉयलर आणि लॅपटॉप यांत फरक आहे. पाणी द्यायला उठलास तर त्यानं स्फोट होत नाही. तू त्याच खोलीत असतोस, पलंगापासून टेबल दोन पावलांवर. मी एकटं सोडू नकोस म्हटलं ते बंद घराबद्दल, हे तुला कळत नाही असं नाही.

झाकण लावलं तरी यंत्र चालूच राहील असं मला इथून करता येतं. कालच करणार होते. मग हात आखडला. बंद झाकणात उष्णता कोंडते, तू ते उचलून कपाटात कपड्यांवर ठेवशील, आणि त्याच खोलीत मामी आहे, जिला उठून पळता येत नाही. ही जोखीम मी घेणार नाही. म्हणजे सगळं तुझ्या हातात आहे, मामा. कृपा करून झाकण उघडं ठेव. थोडंसंच राहिलंय, फार थोडं. नीट चाललेल्या दोन-चार दुपारी पुरतील.

मला सुट्टी मिळत नाहीये. मागितली, साहेब म्हणाले पुढच्या महिनाअखेरीस बघू. नाहीतर येऊन मीच त्या स्टुलावर बसले असते.

खारू

*

२ मे

चि. खारू,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं.

ताप येऊन छाती भरली म्हणून तिला दवाखान्यात ठेवलं आणि तू एका दिवसासाठी धावत येऊन गेलीस, तेव्हा तिच्या तोंडावर मास्क होता. छातीतला कफ कमी झाला की मास्क काढतील आणि मग बोलेल, असं आपण तिघंही म्हणत होतो. मास्क काढला. घरी आणलं. ताप नाही, खोकला नाही, खाते थोडंफार. पण आवाज परत आला नाही. तोंड उघडते, ओठ हलवते, आत नुसता वारा. डॉक्टर म्हणाले आता येणार नाही, तापानं उरलासुरला जोरही नेला. मी विचारलं, थोडासुद्धा नाही? ते बिचारे औषधांची चिठ्ठी लिहायला लागले.

आणखी एक सांगायचं आहे. तिला धाप लागली त्या दुपारी मी गाडी बोलवायला धावलो आणि त्या घाईत झाकण लावायचं राहिलं. चार्जरही तसाच. घराला कुलूप. परत येईपर्यंत ते जागंच होतं. काही जळलं नाही, काही नाही. मी खोलीत शिरलो, पडद्याला हात लावला, तर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं, 'काम पूर्ण झालं. पहिलं वाक्य बोलायला तयार आहात का?'

तिला पलंगावर निजवलं आणि मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

मामा

*

९ मे

मामा,

मी यंत्रातली नोंद पाहिली. यंत्र कधी झोपलं आणि कशानं, हे त्यात लिहिलेलं असतं. प्रत्येक वेळी एकच कारण आहे, झाकण लावलं. दुपारी काम सुरू झालं की थोड्याच वेळात झाकण लावलेलं, आणि ते संध्याकाळपर्यंत उघडलेलं नाही. पाणी द्यायला संध्याकाळपर्यंत वेळ लागतो? मला बॉयलर सांगू नकोस. पहिले काही आठवडे तू नीट बसत होतास. मी 'एक आठवडा राहिला' म्हणून कळवलं आणि तेव्हापासून हे सुरू झालं. का, मामा? काय मिळालं तुला?

तिचा किती आवाज माझ्याकडे आहे, सांगू? माइक तपासताना ती बोलली होती तेवढा. "बोलू का? काय बोलू?" बस, एवढंच. आणि मग हसणं. मामीची अट मोडून मी ते फोनवर घेतलंय आणि ऑफिसात जिन्यावर बसून पुन्हा पुन्हा ऐकते. तुझा मला फार राग आलाय.

बटणाचं आणि अक्षरांचं काम तयार आहे. तिच्या आवाजाच्या जागी यंत्रातल्या बाईचा आवाज बसवून दिलाय. आता यंत्र सतत जागं लागेल, तसं करून ठेवलंय. ते तरी बंद करू नकोस.

खारू

*

२० जून

खारू,

मी मामी. एका बोटानं यंत्रावर लिहितेय आणि तिथूनच पाठवतेय, तेव्हा थोडक्यात. हे औषधं आणायला गेले की लिहिते, आले की थांबते. म्हणून इतके दिवस लागले.

आधी एक सांगते, रागावू नकोस. तुझी सगळी पत्रं हे मला मोठ्यानं वाचून दाखवतात. 'मामीला दाखवू नकोस' हेसुद्धा वाचतात आणि तसेच पुढे जातात. तुझं मेमधलं पत्र वाचताना पहिल्यांदाच मधे थांबले. पान उलटलं, मधलं काहीतरी गाळलं. मग घडी घालून खिशात ठेवलं आणि भांडी घासायला गेले. भांडी आधीच घासलेली होती.

काय गाळलं ते मला कळलं. माझा पलंग टेबलासमोरच आहे.

तुझं 'अजून एक आठवडा' त्यांनी वाचून दाखवलं, त्या दुपारी काम सुरू झालं आणि थोड्या वेळानं हे उठले. झाकण लावलं. अगदी हळू, आवाज न करता. मला वाटलं गरम झालं असेल. मग स्टूल उचलून माझ्या उशाशी आणलं आणि म्हणाले, "बोल काहीतरी."

मी म्हटलं, काय बोलू. म्हणाले, काहीही.

मग रोजच. झाकण लावायचं, उशाशी बसायचं. माझ्या माहेरच्या गोष्टी, तुझ्या शाळेच्या, शेजारणीशी झालेलं भांडण. जीभ जड, एक वाक्य म्हणायला वेळ लागायचा. हे डोळे मिटून ऐकायचे. पाळ्यांच्या नोकरीत आमची एक दुपार एकत्र गेली नाही गं. दिवसपाळी असली की घरी नसायचे, रात्रपाळी असली की झोपलेले. घरात दुपारी बोलणारी मी आणि ऐकणारी तू.

ते यंत्र तयार झालं म्हणजे माझा आवाज गेलाच, असं ह्यांच्या मनानं घेतलं होतं. तयार होऊ दिलं नाही तर जाणार नाही. वेडेपणा. पण खारू, तेव्हा मला बोलता येत होतं. 'अहो, ते उघडा, पोरगी तिकडे वाट बघतेय' एवढं मी म्हणू शकले असते. नाही म्हटलं. मलाही त्या पेटीची भीती वाटत होती. आणि मला हे उशाशी बसलेले आवडायला लागले होते.

जो आवाज तुला हवा होता तो आम्ही दोघांनी त्या दुपारी खर्चून टाकला. तुझ्यासाठी ठेवायला हवा होता. 'खारू, ऊठ' एवढं तरी. त्याचं मला फार वाईट वाटतं. आता रागवायचं तर अर्धं माझ्यावर रागव.

पत्र लिहिलं ते दुसऱ्याच कामासाठी. हे आता झोपत नाहीत. झाकण उघडं ठेवून त्याच्यासमोर बसून असतात, दिवसाही आणि रात्रीही. मला काही हवं असलं आणि नेमकं तेव्हाच यंत्र झोपलं तर, म्हणून. डोळे खोल गेलेत. मी अक्षरं जुळवून 'झोपा आता' म्हणते. यंत्रातली ती बाई म्हणते, झोपा आता. हे तिच्याकडे बघतात आणि म्हणतात, "ही कोण मला सांगणारी?" आणि बसून राहतात. माझं ऐकत नाहीत असं नाही. तो आवाज माझा वाटत नाही त्यांना.

तू सांग. तुझं ऐकतील. आणि मी सगळं पाहत होते हे त्यांना कळू देऊ नकोस. तेवढं तरी त्यांचं झाकलेलं राहू दे.

आले बहुतेक.

मामी

*

२८ जून

मामा,

मागचं पत्र फाडून टाक. मी फार वाईट लिहिलं. कारण विचारलं होतं, ते आता नको मला. खरंच नको.

आता नीट वाच, कामाचं आहे. यंत्राचं दुपारचं काम कधीच संपलं. त्याला रात्रंदिवस जागं ठेवायची गरज नाही, आणि तसं ठेवणं त्याला चांगलंही नाही, बॅटरी फुगते. म्हणून मी ते सेटिंग काढून टाकलंय. मामीच्या बोटाशी लावायला बॅटरीवरची वेगळी घंटी पाठवलीय. लॅपटॉप बंद असला, वीज गेली, तरी वाजते. दुसरं टोक तुझ्या उशाशी ठेव. आवाज मोठा आहे, बॉयलरजवळ कान गेलेल्या माणसालाही ऐकू येईल असा बघून घेतलाय.

तेव्हा रात्री ते बंद करायचं आणि झोपायचं. घंटी बदली माणूस आहे असं समज. आता जागा सोडली तरी नियम मोडत नाही.

सुट्टी मिळाली आहे. शनिवारी येते, पंधरा दिवस राहीन. येताना काही आणू का, ते मामीला विचारून कळव. तिला अक्षरं जुळवायला वेळ लागेल, तोवर मधेच 'हे का, ते का' करू नकोस.

आणि मी येईपर्यंत एक कर. दुपारी स्टूल टेबलापासून उचल आणि तिच्या उशाशी बस. तिला आता बोलता येणार नाही, तेव्हा तू बोल. तुला जमत नाही हे मला माहीत आहे. बॉयलरचं बोल, तपासनिसाचं बोल, माझ्या चहाड्या कर. तिला सगळं ऐकू येतं.

तुझी खारू